झाकण कोणी काढलं

त्या दुपारी मळणीवाल्यानं यंत्राच्या तोंडावरचं लोखंडी झाकण काढलं, तेव्हा आभाळ इतकं खाली आलं होतं की झाडांचे शेंडे त्यात बुडतील असं वाटत होतं. खळ्यात चार घरांचा गहू पेंढ्या बांधून पडला होता. माणसं जेवायला गेली होती, यंत्रापाशी तो आणि त्याचा गडी, दोघंच होते. झाकण असलं की यंत्रात मूठमूठ गहू सारावा लागतो. ते काढलं की अख्खी पेंढी आत जाते आणि काम निम्म्या वेळात उरकतं.

"दादा, झाकण काढतोस?" यंत्राला पेंढ्यांचा घास लावायला उभा असलेला लंबू ओरडला. यंत्र चालू असलं की ओरडूनच बोलावं लागे.

"तासाभराचं तर काम आहे. तू हात जपून घाल म्हणजे झालं."

लंबूनं मान हलवली. तो एवढा उंच होता की यंत्राशी उभं राहायचं तर त्याला कमरेत वाकावं लागायचं, आणि संध्याकाळी पाठ सरळ करताना तो म्हाताऱ्यासारखा कण्हायचा. सहा हंगाम तो याच यंत्रावर होता. मळणीवाल्याला त्याच्याइतका हात बसलेला माणूस दुसरा मिळाला नव्हता.

पाचव्या का सहाव्या पेंढीचं दावं त्याच्या मनगटात अडकलं. मळणीवाला ट्रॅक्टरपाशी होता. त्याला दिसलं काही नाही. यंत्राचा आवाज तेवढा जड झाला. त्यानं उडी मारून यंत्र फिरवणारा पट्टा पाडला, पण यंत्र थांबेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लंबू ओरडलासुद्धा नाही. तो वाकलेला होता तसाच वाकून उभा राहिला, उजवा हात कुठं गेला ते शोधत असल्यासारखा.

दवाखान्यात डॉक्टर हात धुता धुता विचारत होता. "कसं झालं हे?"

"तोल गेला त्याचा."

"घेतो का हा?"

"आधी घ्यायचा."

"आज घेतली होती?"

मळणीवाल्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांत ग्रीस होतं, आणि ग्रीसवर दुसरं काही. "असेल," तो म्हणाला. "वास आल्यासारखा वाटला."

एवढंच बोलला तो. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत गेला. बाहेरच्या बाकावर लंबूची बायको बसली होती. दार उघडंच होतं. तिनं ऐकलं.

लंबू आधी घ्यायचा, हे खरं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याला त्यातून बाहेर काढलं ते मळणीवाल्यानंच. दिवे लागायच्या वेळेला हा त्याच्या दारात जाऊन बसायचा, त्याच्यासाठी प्रार्थना करायचा, तो शिव्या द्यायचा त्या ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा. लंबू सुटला. उपासनेला येऊ लागला, बाप्तिस्मा घेतला. मंडळीचा कारभार बघायला मळणीवाल्याला वडील म्हणून निवडलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हीच गोष्ट होती.

संध्याकाळी यंत्र घरी आणल्यावर मळणीवाल्यानं पाना मागितला आणि झाकण पुन्हा बसवलं. चारही बोल्ट घट्ट आवळले. पाऊस आलाच नाही. सकाळपर्यंत आभाळ निरभ्र झालं होतं.

*

महिन्याभरानं मंडळीच्या पाळकांनी लंबूला बोलावलं. तो दारू पिऊन यंत्रावर उभा होता, ही गोष्ट तोवर सगळीकडे झाली होती. उपासना होते त्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. पाळक, दुकानदार आणि मळणीवाला, असे मंडळीचे तिघं. लंबू समोर उभा राहिला. उजवा हात मनगटापाशी संपत होता आणि त्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं गुंडाळलेलं होतं.

"मी प्यायलो नव्हतो," तो म्हणाला. "झाकण काढलेलं होतं."

"झाकण जागेवर आहे," दुकानदार म्हणाला. "मी स्वतः जाऊन बघून आलो. उगाच दुसऱ्याच्या माथी कशाला मारतोस?"

पाळक भले गृहस्थ होते. कोणाला दुखवायचं त्यांच्या जिवावर यायचं. ते टेबलावरच्या कापडाची घडी नीट करत राहिले. मग म्हणाले, "हे तुझ्या भल्यासाठीच आहे. सहा महिने तू प्रभुभोजनाला, भाकर-प्याला घ्यायला, पुढं येऊ नकोस. मागं बस, ऐक, मन तपास." आणि मळणीवाल्याकडे वळून, "तुमचं काय म्हणणं?"

लंबू मळणीवाल्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता. तो वाट बघत होता.

"मंडळी ठरवेल ते," मळणीवाला म्हणाला.

जाताना दारात लंबू म्हणाला, "येतो, वडील. तुम्ही सांभाळून राहा." सहा वर्षांत तो मळणीवाल्याला कधी 'तुम्ही' म्हणाला नव्हता.

दोन रविवार लंबू शेवटच्या बाकावर बसला. मग यायचा थांबला. त्याची बायको मात्र एकटी येत राहिली, डोक्यावरून पदर घेऊन, कोणाकडे न बघता.

*

त्या वर्षी मळणीवाल्यानं देवासाठी काय केलं नाही? उपासनेच्या खोलीची पडकी भिंत त्यानं एकट्यानं बांधली, उन्हात दगड वाहून खांद्याची साल काढून घेतली. शुक्रवारचा उपास धरला. पोत्यानं गहू लंबूच्या घरी पाठवला. लंबूच्या बायकोनं तो ठेवून घेतला आणि रविवारी भेटल्यावर म्हणाली, "देव तुमचं भलं करो. आमच्या माणसानं तुम्हाला मान खाली घालायला लावली, तरी तुम्ही आम्हाला विसरला नाहीत." ते ऐकल्यावर त्याला दोन दिवस घास गिळवेना.

पहाटेची प्रार्थना तो आता मोठ्यानं करी. घरात त्याची म्हातारी आत्या होती, कानानं अधू. ती एकदा अंथरुणातूनच म्हणाली, "अरे, बहिरी मी आहे. देव नाही."

मोठ्यानं करायचं कारण होतं. गप्प बसलं की तेच ऐकू यायचं. आवाज नव्हता तो, पण शब्द नक्की होते. जाऊन सांग. तो भिंत बांधत असला, उपाशी असला, मंडळीत शास्त्रभाग वाचत असला, तरी त्याच्या मागं तेवढंच. जाऊन सांग. देवानं जे मागितलं नव्हतं ते सगळं तो देत होता, मागितलं होतं तेवढं सोडून.

प्रभुभोजनाच्या दिवशी वडील म्हणून प्याला त्याच्याच हातांत असायचा. तो रांगेनं सगळ्यांना देई. शेवटी स्वतःच्या ओठांना नुसता लावी आणि खाली ठेवी. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या बायकोच्या आलं.

*

पुन्हा गहू पिवळा झाला. मळणीवाला अंगणात यंत्राला ग्रीस घालत होता, तेव्हा पाळक सायकलवरून आले.

"या रविवारी तुम्ही बोलायचं," पाळक म्हणाले. "विषय आहे देवाची आज्ञा पाळणं. मी उपदेश करून करून थकलो. लोक म्हणतात, पाळक काय, बोलणारच. तुमच्या तोंडून आलं तर वेगळं. त्या भिंतीकडे बघूनच कळतं लोकांना."

"मला जमायचं नाही."

"जमेल हो. नाही कसं म्हणता? देवाच्या कामाला कधी नाही म्हणालात का तुम्ही?"

पाळक पाणी पिऊन गेले. बायको तांब्या घेऊन तिथंच उभी राहिली.

"बोला की," ती म्हणाली. "तुमच्याइतकं चांगलं कोण बोलेल?"

तिच्या आवाजात असं काही होतं की त्यानं हातातलं ग्रीसचं फडकं खाली ठेवलं.

"त्या संध्याकाळी पाना मीच आणून दिला," ती म्हणाली. "तुम्ही मागितला, मी दिला. दिवा धरून उभी राहिले. कशाला म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून रविवारी लंबूची बायको माझ्या शेजारी बसते. माझा हात हातात घेते आणि म्हणते, माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना करा. मी करते. डोळे मिटून करते." तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी जमिनीवर ओतलं. "मला आता तिच्या शेजारी बसवत नाही. एवढंच सांगायचं होतं."

ती आत गेली. आत्या ओट्यावर बसली होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. ती म्हणाली, "पाळक साखर मागायला आले होते का रे?"

*

शनिवारी दुपारी तो लंबूच्या घरी गेला. घर गावाच्या टोकाला होतं, मागं लंबूचा गव्हाचा तुकडा. गहू कापायला आला होता, एका बाजूनं थोडासा कापलेलाही होता, पण वेडावाकडा, कुरतडल्यासारखा. लंबू भिंतीच्या सावलीत विळ्याला धार लावत बसला होता. विळा त्यानं पायाच्या तळव्याखाली दाबून धरला होता आणि डाव्या हातानं त्यावर दगड फिरवत होता.

"बसा," तो म्हणाला. उठला नाही.

मळणीवाला बसला नाही. वाटेत त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं, पहिल्यांदा काय, मग काय. आता त्यातलं काही सापडेना. "त्या दिवशी झाकण मी काढलं होतं," तो म्हणाला. "तू प्यायला नव्हतास. मला वासबीस काही आला नव्हता."

दगड फिरत राहिला. खर्र, खर्र.

"हे मला सांगायला आलात?" लंबू म्हणाला.

"हो."

"मला?" आता त्यानं वर पाहिलं. "मी तिथं होतो की. मला नाही माहीत?"

वर्षभर ज्या दारात यायला मळणीवाल्याचे पाय उचलत नव्हते, तिथं तो आला होता, बोलला होता, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा," लंबू म्हणाला. "घरात एक आहे. ती रोज संध्याकाळी मी आलो की काहीतरी निमित्तानं जवळ येते. गुंडी तुटली का बघू, केसात काय अडकलं बघू. वास घेते. मी उभा राहतो, घेऊ देतो. पंधरा वर्षांचा संसार आहे, पण तिनं तुमचं खरं मानलं. का मानू नये? तुम्ही वडील." त्यानं विळा उचलून धार अंगठ्यावर पाहिली. "तुम्हाला एक सांगू? सगळेच म्हणायला लागल्यावर मलाही वाटायला लागलं होतं. घेतली असेल का मी? विसरलो असेन का? तिथं उभा होतो, तरी."

"लंबू, मला..."

"माफी मागू नका," लंबू म्हणाला. "एवढ्यात नको. ऊन फार आहे, जा आता."

*

रविवारी खोली भरलेली होती. मळणीवाला उभा राहिला तेव्हा पाळकांनी त्याच्याकडे बघून मान डोलावली. लंबूची बायको नेहमीच्या जागी बसली होती. मळणीवाल्याची बायको तिच्या शेजारी नव्हती. ती दाराशी, जमिनीवर बसली होती.

"देवाची आज्ञा पाळण्याबद्दल मला बोलायला सांगितलंय," तो म्हणाला. "मी एक वर्ष ती पाळलेली नाही. मागच्या हंगामात यंत्रावर जो अपघात झाला, त्या वेळी... त्या वेळी यंत्राचं झाकण काढलेलं होतं."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्याला वाटलं, झालं, सांगितलं. तो पुढं जायला लागला, "तर देवासमोर आपण सगळेच अपराधी..."

"कोणी काढलं?"

लंबूची बायको उभी राहिली होती. त्या खोलीत उपासनेच्या मध्ये बाईमाणूस कधी उभं राहिलं नव्हतं.

"आं?"

"काढलेलं होतं म्हणता. कोणी काढलं?"

तो टेबलाची कड धरून उभा राहिला. "मी," तो म्हणाला. "मी काढलं. आणि संध्याकाळी मीच परत बसवलं."

"आणि वास?"

"नव्हता."

"नीट सांगा."

"त्याच्या तोंडाला वास नव्हता. मी खोटं बोललो. डॉक्टरला खोटं बोललो. इथं पाळकांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं नाही."

ती तशीच उभी राहिली. जणू काही आणखी ऐकायचं राहिलं होतं आणि ते त्याच्याकडे नव्हतं. मग ती बाकांमधून वाट काढत निघाली. दारात मळणीवाल्याच्या बायकोनं पाय ओढून जागा दिली. ती चपला न घालताच बाहेर पडली, आणि खिडकीतून सगळ्यांना ती दिसली. आधी चालत होती, मग पळायला लागली.

कोणी गाणं सुरू केलं नाही. दुकानदार छताकडे बघत होता. पाळक खुर्चीवर वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. ते म्हणाले, "मी त्या माणसाला विचारलं नाही. त्यानं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं नाही." ते कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. मग त्यांनी माणसांना घरी जायला सांगितलं.

*

मळणीवाल्याला वाटलं होतं, एकदा सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट आता ते सगळ्यांना दिसत होतं. विहिरीवर बायका त्याच्या बायकोला वाट देऊन बाजूला होत, जरा जास्तच बाजूला. त्याचं वडीलपण गेलं, ते त्यानं स्वतःहून सोडलं तरी दुकानदार म्हणाला, "सोडलं नाही, काढलं." हंगाम ऐन भरात आला आणि त्याचं यंत्र अंगणातच राहिलं. लोकांनी शेजारच्या गावचं यंत्र बोलावलं. ते त्याच्या दारावरूनच गेलं, घरघरत, मागं पोरांचा घोळका. आत्या म्हणाली, "आपलंच आहे का रे? कुठं नेतात?"

"आपलं नाही, आत्या."

पाळक लंबूकडे दोनदा जाऊन आले. त्यांनी त्याचा हात धरून क्षमा मागितली, प्रभुभोजनाला ये म्हणाले. लंबू म्हणाला, देवाशी माझं भांडण नाही, पण त्या खोलीत पाय ठेववत नाही अजून. पाळकांनी हे मळणीवाल्याला येऊन सांगितलं. मग सायकल वळवली.

बुधवारी सकाळी मळणीवाला विळा घेऊन लंबूच्या तुकड्यात गेला. कोणी बोलावलं नव्हतं. ते दोघं नवरा-बायको कापत होते. ती भराभर, आणि लंबू गुडघ्यांवर बसून, गव्हाची मूठ उजव्या कोपरात आवळून, डाव्या हातानं विळा ओढत. मळणीवाला दुसऱ्या टोकापासून कापू लागला. यंत्राच्या वीस वर्षांत हातांची सवय गेली होती. तासाभरात तळव्यांना फोड आले, दुपारपर्यंत ते फुटले. कंबर मोडून आली. रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

"काय वडील, यंत्र विकलं वाटतं?" एकानं विचारलं. दुसरा हसला.

त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मळणीवाल्याची बायकोही आली आणि मुकाट्यानं पेंढ्या बांधायला लागली. लंबूच्या बायकोनं तिच्याकडे एकदाच पाहिलं, दाव्यांचा गुंडाळा तिच्या दिशेनं सरकवला आणि पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी कापणी संपली. मळणीवाला घाम पुसत म्हणाला, "यंत्र घेऊन येऊ? तासाचं काम आहे."

म्हटल्यावर त्यालाच कळलं आपण काय बोललो. लंबूचं तोंड पांढरं पडलं. त्याची बायको मात्र शांतपणे म्हणाली, "माझ्या अंगणात ते यंत्र येणार नाही. काठीनं बडवायचा."

मग ते काठीनं बडवायला बसले. पेंढी पसरायची, बडवायची, उलटायची, पुन्हा बडवायची. भुसा नाकातोंडात जात होता, मानेवर चिकटत होता. मळणीवाल्याच्या तळव्यांना गुंडाळलेलं फडकं लाल होऊन वाळलं आणि काठीला चिकटलं. उन्हं कलेपर्यंत जेमतेम निम्मा ढीग झाला. लंबू सूप मांडीला टेकवून, एका हातानं हेलकावत धान्य पाखडत होता. सूप तिरकं व्हायचं, दाणे सांडायचे, तो ते वेचून पुन्हा सुपात टाकायचा. मळणीवाला उठला, मदतीला म्हणून, आणि लंबूची नजर पाहून पुन्हा बसला.

ऊन उतरल्यावर त्यानं काठी भिंतीला टेकवली. बायकोनं पदर झटकला. दोघं निघाली. निरोप कसा घ्यायचा ते त्याला समजेना. येतो म्हणावं तर 'या' कोण म्हणणार?

लंबूची बायको ढिगाशी वाकलेली होती. तिनं बडवलेल्या पेंढीतलं एक कणीस उचललं, तळव्यावर चोळलं, फुंकलं. चार दाणे निघाले. ती सरळ झाली आणि आठवड्यात पहिल्यांदाच स्वतःहून त्याच्याशी बोलली.

"दाणा राहतोय यात," ती म्हणाली. "तुम्ही हलक्या हातानं मारता. उद्या ऊन चढायच्या आत या, आणि ही सगळी पुन्हा बडवा."

"बरं," मळणीवाला म्हणाला.

"सगळी."

"हो. सगळी."